केबल सोडल्यानंतर : घरच्या रेकॉर्डरची निवड



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर एरवी वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय येतात. आजचा विषय पाहून काही श्रोत्यांना वाटले असेल की, दुकानदाराने सांगायच्या गोष्टी व्याख्यात्याने कशाला सांगाव्यात? आमचे म्हणणे असे की, दुकानदार वस्तू विकतो, पण ती कशी पारखावी हे तो सांगत नाही. आणि जी वस्तू घराघरांत संध्याकाळचे दोन-तीन तास खाते, तिच्याबद्दल नागरिकाने एक तास विचार केला तर तो वाया गेला असे म्हणता येणार नाही.

प्रश्न साधा आहे. केबलची जोडणी बंद केली, दरमहाचा खर्च थांबवला. आता आकाशातून जे विनामूल्य येते ते घ्यायचे, आणि हवे ते साठवून सवडीने पाहायचे. यासाठी कोणते यंत्र घ्यावे? या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. साठवलेले खरोखर आपले असते काय? आम्ही दुसऱ्या प्रश्नाकडे पहिल्याच्या वाटेने जाणार आहोत.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीच्या मनोऱ्यावरून लहरी निघत आणि उपनगरांतल्या छपरांवरच्या ॲल्युमिनियमच्या काड्या त्या झेलत. सांताक्रूझकरांच्या वाट्याला त्यात एक खास गंमत होती. डोक्यावरून विमान गेले की पडद्यावरचे चित्र थरथरे, कारण मनोऱ्याकडून सरळ आलेली लहर आणि विमानाच्या अंगावरून परतलेली लहर यांची अँटेनापाशी गाठ पडे. त्या काळी कार्यक्रम ठरल्या वेळी लागे आणि ठरल्या वेळी संपे. ज्याची पाळी रात्रीची, त्याने तो पाहिलाच नाही.

ही सक्ती मोडली ती व्हीसीआरने. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स आणले, जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस आणले, आणि १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर आपल्याकडे रंगीत चित्र आले, तेव्हापासून हे यंत्र मध्यमवर्गीय घरात हळूहळू शिरले. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. ज्यांच्याकडे व्हीसीआर होता त्यांनी ते भाग टेपवर घेऊन ठेवले. अमेरिकेत चित्रपट कंपन्यांनी सोनीला न्यायालयात खेचले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निर्णय दिला की, एक वेळचा कार्यक्रम घरी नोंदवून दुसऱ्या वेळी पाहणे हा गुन्हा नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातही स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराला मोकळीक आहे. मात्र ती घरापुरती आहे. नोंदवलेले विकणे किंवा गावभर वाटणे यात ती बसत नाही.

पुढे केबल आली, आणि १ नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत केबलसाठी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धती लागू झाली. वाहिन्यांची किंमत वेगळी, आणि त्याआधी केवळ जोडणीपोटी १३० रुपये व त्यावर कर, म्हणजे तेव्हा १५३ रुपये ४० पैसे पडत. हेतू असा की, ग्राहकाने हवे तेवढेच निवडावे. पण अनेक घरांत वाहिन्यांची बेरीज करता करता गृहिणीच्या हे ध्यानात आले की, आपण पाहतो चार वाहिन्या आणि भरतो चाळिसांचे. तरुण मंडळी मोबाइलकडे वळली, घरातले वृद्ध टीव्हीपाशी उरले. पैसे भरून डिश घेणाऱ्यांची संख्या २०२० च्या अखेरीस ७ कोटींच्या घरात होती, ती २०२५ पर्यंत ६ कोटींच्या खाली आली.

केबल सोडणाऱ्याला विनामूल्य काय मिळते? जुनी छपरावरची अँटेना आता कामाची नाही. दूरदर्शनने आपले जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत, सीमाभागांतले थोडे सोडून, बंद केले. जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण २०१६ साली मुंबईसह १६ शहरांत सुरू करण्यात आले होते, पण ते घराघरांत रुजले नाही. व्यवहारात उरतो तो प्रसार भारतीचा ‘डीडी फ्री डिश’. हा उपक्रम १६ डिसेंबर २००४ रोजी ३३ वाहिन्यांनिशी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाला. डिश आणि बॉक्स मिळून एकदाच साधारण दोन हजार रुपये खर्च येतो. मग दरमहा काही नाही. देशातली ४ कोटींहून अधिक घरे याच मार्गाने पाहतात. आपली सह्याद्री वाहिनी त्यात आहे, बातम्या आहेत, जुने चित्रपट आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण २००७ च्या कायद्याने दूरदर्शनला द्यावे लागते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ते प्रक्षेपण केबलवाल्यांनी पुढे वाटायचे नाही. म्हणजे केबल सोडणाऱ्याचा येथे तोटा नाही, उलट फायदाच आहे.

खाजगी वाहिन्या मात्र फ्री डिशवर कायमच्या नसतात. जागांचा लिलाव होतो आणि १ एप्रिलला यादी बदलते. १ एप्रिल २०२२ रोजी मोठ्या कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या एकाच वेळी काढून घेतल्या होत्या. म्हणून दर एप्रिलात बॉक्सवर वाहिन्यांचा शोध पुन्हा लावावा लागतो. ‘बॉक्स बिघडला’ म्हणून दुकानात धावणाऱ्यांपैकी कित्येकांचे काम एवढ्यानेच भागते.

रेकॉर्डरची गोष्ट काढण्यापूर्वी डिशकडे पाहिले पाहिजे. नळालाच पाणी नसेल तर हंडा किती मोठा घ्यावा याची चर्चा फोल आहे. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सांताक्रूझहून पाहिले असता तो उत्तरेपासून सुमारे १३१ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर येतो. ज्याच्या घराला फक्त पश्चिमेची खिडकी आहे, त्याला जुहूचा समुद्र दिसेल, उपग्रह दिसणार नाही. त्याने गच्चीचा आश्रय घ्यावा आणि त्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी.

ज्याला आग्नेयेची खिडकी आहे त्याने समोरच्या इमारतीला फार भिऊ नये. उंचीचा कोन मोठा असल्यामुळे २० मीटरवरची इमारत तुमच्या डिशपेक्षा ३१ मीटर उंच असेल तरच आड येते, आणि विमानतळामुळे वाकोला-कलिना भागात इमारतींच्या उंचीवर मर्यादाही आहे. खरा शत्रू असतो तो डोक्यावरचा सज्जा. डिशच्या २ मीटर वर असलेला सज्जा डिशच्या पुढे सव्वा मीटर आला, की उपग्रह झाकला गेला. डिश बसवणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी हे दोन हिशेब घरीच करावेत.

समुद्राच्या खाऱ्या हवेने तारेची टोके गंजतात. डिशपासून बॉक्सपर्यंत चांगली आरजी-६ तार एकसंध टाकावी, मध्ये सांधा ठेवू नये, आणि बाहेरच्या जोडावर पाणी शिरणार नाही असे रबरी टोपण घालावे. आता पावसाचे पाहू. ज्या लहरींवर फ्री डिश चालते त्या के-यू पट्ट्यातल्या आहेत, आणि जोरदार पावसाचे थेंब त्यांना शोषून घेतात. सांताक्रूझच्या वेधशाळेने २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, हे आपण विसरलेले नाही. तसा पाऊस पडेल तेव्हा कोणतीही डिश आणि कोणताही रेकॉर्डर उपयोगाचा नाही. अशा दिवसासाठी घरात पेटीवर चालणारा रेडिओ असावा.

आता मुख्य मुद्दा. रेकॉर्डरचे तीन प्रकार बाजारात भेटतात. पहिला, फ्री डिशचा असा बॉक्स ज्याला यूएसबीचे छिद्र असते. त्यात पेनड्राइव्ह घातला की बॉक्स रेकॉर्डिंग करतो. दुसरा, खुद्द टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर असतो आणि टीव्हीच रेकॉर्ड करतो. अशा टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली आयएस १८११२ हे मानक काढले आहे. तिसरा, संगणकाला ट्यूनर जोडून केलेली घरगुती मांडणी. हा तिसरा प्रकार सर्वांत समर्थ आहे. पण तो सतत चालू ठेवावा लागतो, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा घरातच असावा लागतो. नातू परगावी गेला की आजोबांचा टीव्ही बंद, अशी व्यवस्था भरवशाची म्हणता येणार नाही. तेव्हा सामान्य घरासाठी पहिल्या दोन प्रकारांतून निवड करायची आहे. त्यासाठी आम्ही सहा कसोट्या सुचवतो.

पहिली कसोटी मोकळेपणाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. रेकॉर्ड केलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडते काय? आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची आई भजनी मंडळात गात असे. मंडळाचा कार्यक्रम एकदा एका वाहिनीवर लागला. गृहस्थांकडे तेव्हा मासिक पैसे भरून घेतलेला, आतच हार्ड डिस्क असलेला बॉक्स होता, आणि त्यांनी कार्यक्रम त्यात साठवला. आई वारल्या. काही वर्षांनी खर्च कमी करायचा म्हणून त्यांनी ती सेवा बंद केली. बॉक्स घरातच होता, डिस्क शाबूत होती, यादीत कार्यक्रमाचे नावही दिसत होते. पण फाइल कुलूपबंद होती, आणि किल्ली चालू वर्गणीशी बांधलेली होती. तंत्रज्ञाने डिस्क काढून संगणकाला लावून पाहिली, तर तेथेही काही निघाले नाही. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. असे कुलूप घालणाऱ्या कंपन्या अनेक आहेत, आणि वाहिन्यांच्या मालकांशी केलेल्या करारांमुळे त्यांना ते घालावे लागते. महत्त्वाचे हे की, आईचा आवाज घरात असूनही मुलाला ऐकता येत नव्हता. कित्येक टीव्हीदेखील रेकॉर्डिंग त्याच एका टीव्हीशी बांधून ठेवतात. टीव्ही गेला की संग्रह गेला. साध्या फ्री डिश बॉक्सवर मोकळ्या वाहिनीची केलेली नोंद बहुधा ‘टीएस’ प्रकारच्या साध्या फाइलीत उतरते आणि कोणत्याही संगणकावर चालते. पण ‘बहुधा’ या शब्दावर विसंबू नका. खरेदीच्या वेळी स्वतःचा पेनड्राइव्ह न्या, दुकानातच दहा मिनिटे रेकॉर्डिंग करून घ्या, आणि ते दुसऱ्या यंत्रावर लावून पाहा. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार कुरकुरेल, पण ज्याला माल विकायचा आहे तो दाखवील.

दुसरी कसोटी वेळापत्रकाची. आपण घरी नसताना यंत्राने झोपेतून उठून रेकॉर्डिंग सुरू केले पाहिजे. काही बॉक्स केवळ वाहिनी बदलतात, रेकॉर्ड करत नाहीत. काही बॉक्सचे घड्याळ ग्रीनविचवर चालते. त्यात साडेपाच तासांचा फरक भरून घेतला नाही, तर संध्याकाळच्या नाटकाऐवजी भलतेच काही साठते. आठवड्याच्या ठरल्या वारी आपोआप रेकॉर्ड करण्याची सोय असेल तर उत्तम. कार्यक्रमाच्या आधी दोन आणि नंतर दहा मिनिटे जादा ठेवावीत, कारण शेवट कापला गेलेले नाटक हे न पाहिलेल्या नाटकापेक्षा अधिक चुटपूट लावते.

तिसरी कसोटी विजेची. वीज जाऊन परत आली की बॉक्स स्वतः चालू होतो काय, आणि नेमलेली वेळ त्याला आठवते काय? दुकानात बटण बंद-चालू करून हे दोन मिनिटांत कळते. जो बॉक्स विसरतो, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

चौथी कसोटी साठ्याची. साधी वाहिनी सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट या वेगाने येते असे धरले, तर तासाला सुमारे १.३५ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर वीस-बावीस तास मावतात. एवढ्याने घरचे काम भागते. पण एक अडचण आहे. जुन्या ‘फॅट ३२’ पद्धतीत एक फाइल ४ गिगाबाइटहून मोठी होत नाही. म्हणजे तीन तासांच्या आसपास चांगला बॉक्स नवी फाइल सुरू करतो आणि वाईट बॉक्स रेकॉर्डिंग थांबवतो. तीन अंकी नाटकाचे शौकीन असाल तर हे आधी विचारा. पोर्टेबल हार्ड डिस्क लावायची असेल, तर बॉक्सचे यूएसबी छिद्र तिला पुरेशी वीज देते का ते पाहा. जुन्या प्रकारचे छिद्र ५०० मिलिअँपिअर देते, आणि डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून अधिक मागू शकते. मग डिस्क टकटक करते आणि मालक डिस्कला दोष देतो.

पाचवी कसोटी भाषेची, म्हणजे संकेताच्या भाषेची. फ्री डिशवर काही वाहिन्या एमपेग-२ या जुन्या पद्धतीने येतात आणि काही एमपेग-४ या नव्या पद्धतीने. एमपेग-४ बॉक्सला जुनी पद्धतही कळते, उलट मात्र होत नाही. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी जुना बॉक्स घेऊ नये.

सहावी कसोटी माणसाची. रिमोट हाती धरणारा कोण आहे? घरातली आजी तो चालवणार असेल, तर रेकॉर्डचे बटण वेगळे, ठळक आणि एका दाबात चालणारे हवे. ज्या यंत्राला दर वेळी सुनेची हाक मारावी लागते, ते यंत्र आजीचे नव्हे. आम्हाला ही कसोटी बाकीच्या पाचांइतकीच तांत्रिक वाटते.

येथे एक मर्यादाही सांगून टाकतो. बहुतेक स्वस्त बॉक्समध्ये एकच ट्यूनर असतो. एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी पाहता येईलच असे नाही. ज्या घरात आठ वाजता दोन मते असतात, त्या घराने दोन बॉक्स घ्यावेत. दोन बॉक्सची किंमत केबलच्या वर्षभराच्या खर्चाहून बहुधा कमीच भरेल, आणि घरातली शांतता वेगळी.

यंत्र निवडले, तरी काम संपत नाही. व्हीएचएसच्या टेपांचे काय झाले ते आठवा. मुंबईच्या दमट हवेत त्यांना बुरशी आली. ज्यांच्या टेपा वाचल्या त्यांना चालवायला यंत्र मिळेना. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले आणि त्या यंत्राचे उत्पादनच संपले. पेनड्राइव्हही अमर नाही. जे ठेवण्यासारखे आहे त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा, फाइलीला नाव आणि तारीख द्या, आणि चार-पाच वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्या. बाकीचे पाहून पुसून टाका. सर्व साठवणारा काहीच पाहत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? कंपन्या आणि सरकारी संस्था जपून ठेवतीलच की. अनुभव तसा नाही. खुद्द बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत टेप महाग म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्याच टेपांवर नवे घेतले. त्यांतले काही पुढे परत मिळाले, ते कोणा प्रेक्षकाने वा दूरच्या केंद्राने प्रत ठेवली होती म्हणून. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या ग्रंथपाल बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ घरी बसून टीव्हीवरच्या बातम्या रेकॉर्ड केल्या. २०१२ साली त्या वारल्या तेव्हा सुमारे ७० हजार टेपा मागे होत्या. शेजाऱ्यांना तो छंद विक्षिप्त वाटला असेल, आज तो अभ्यासकांचा ठेवा आहे. आपण कोणी सत्तर हजार टेपा भरणार नाही. पण सह्याद्रीवर आपल्या गावच्या कीर्तनकाराचे कीर्तन लागले, शाळेतल्या मुलांचा कार्यक्रम लागला, एखाद्या वृद्ध नटाची मुलाखत लागली, तर ती एका घरात तरी राहावी, एवढे आपल्या हाती आहे.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झाली. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ साली. त्या पहिल्या वसंतात जे बोलले गेले, ते ऐकणारा आज कोणी नाही, आणि ते ऐकवणारे यंत्र तेव्हा जन्मलेच नव्हते. त्या पिढीचा नाइलाज होता. आपल्यापाशी यंत्र आहे, ते दोन हजारांत मिळते, आणि आपल्या खिडकीच्या आग्नेयेला आकाशही आहे. तेव्हा यंत्र घेताना किंमत विचारण्यापूर्वी एवढेच विचारा की, ‘यात ठेवलेले मला परत मिळेल का?’